तुमच्यासोबतच आहेत ना ते?

अडीचशे रुपये. रक्कम मोठी नाही, मान्य. पण आज चौथा दिवस आहे आणि ते अडीचशे अजून घशातच अडकलेत, कारण चष्म्याच्या ज्या फ्रेमला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं तिचे अर्धे पैसे मी भरलेत.

मूळ भानगड एवढीच की अमळनेरात माझं मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. सोमवारी वाइंडिंग केलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, व्हार्निशच्या टबात सोडायला वाकलो, नाकावर घाम, चष्मा सटकला आणि स्टेटरच्या आधी तोच टबात गेला. हेल्पर पोरगं कामाचं, त्याने मला न विचारता चष्मा काढून थिनरने चकाचक पुसला. लेन्स पॉलिकार्बोनेटची. आठ महिन्यांपूर्वी "भाऊ, अनब्रेकेबल आहे, पोलिसांच्या ढाली ह्याच मालाच्या असतात" असं सांगून विकलेली. असतात हो, पण ढालीला कोणी थिनर लावत नाही ना! तुटली मात्र नाही हं, शब्दाला जागली. नुसती जाळीजाळी तडकून मठ्ठ्यासारखी पांढरी झाली. फ्रेम अ‍ॅसिटेटची होती, ती बोटाला चिकटायला लागली.

मग बिनचष्म्याचा, डोळे बारीक करत, रस्त्यातल्या प्रत्येक म्हशीला मोटरसायकल समजत त्याच दुकानात गेलो. वॉरंटीचं विचारलं तर दुकानदार म्हणाला केमिकल कव्हर होत नाही. ठीक आहे. बाकावर एक म्हातारे बाबा बसलेले, पांढरी टोपी, पायजमा, मांडीवर कापडी पिशवी. त्यांच्या चष्म्याची उजवी काडी बिजागरीशी पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेली आणि वरून मेणबत्तीचं मेण. मला वाटलं गिऱ्हाईक असेल. नंतर कळलं की आबा रोज येतात. पंखा आहे, माठातलं पाणी आहे, पेपर आहे, आणि जाणारं-येणारं माणूस आहे.

"बठ आठे," आबा अहिराणीत म्हणाले. बसलो, ही पहिली चूक.

डोळे तपासायला आतल्या खोलीत गेलो, मधे नुसता पडदा, तोही अर्धा. दुकानदार भिंग बदलतोय, मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला बघतोय, चौथ्या ओळीला मला सगळं गव्हाचं पीठ दिसत होतं, तेवढ्यात पडद्यापलीकडून हळूच आवाज, "न... ग... ट..." मी बावळटासारखा "न, ग, ट" म्हणून गेलो. दुकानदार खूश, पुढची ओळ. पुन्हा पडद्यामागून "ल... प..." तिथून आबांना तक्ता दिसतच नव्हता, आणि दिसला असता तरी त्या चष्म्यातून काय दिसणार! सगळा तक्ता पाठ. रोज ऐकून ऐकून आरतीसारखा पाठ. दुकानदाराला जेव्हा उलगडा झाला तेव्हा माझा नंबर जवळजवळ शून्यावर आला होता. मग आबांना बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि तपासणी पहिल्यापासून. आबा पायरीवरून म्हणे, "मी ते पोऱ्याले मदत करी राहिंतू."

नंबर निघाला उणे सव्वादोन, वर सिलिंडर म्हणजे तिरका नंबर, आणि आता वय त्रेचाळीस म्हणून जवळचा सव्वा. म्हणजे बायफोकल. इथे माझं खरं दुखणं सुरू होतं. बायफोकलला जवळचा नंबर खाली असतो, कारण ज्याने तो काढला त्याच्या डोक्यात पुस्तक वाचणारा माणूस असणार. मी शिडीवर चढून छताला पंखा बसवतो, तेव्हा जवळचं काम डोक्याच्या वर असतं आणि जवळची काच हनुवटीकडे. मग मान इतकी मागे टाकायची की खालून बघणाऱ्याला वाटावं ह्याला फिट आली. वर-खाली दोन्हीकडे जवळचा नंबर असलेली काच मिळते म्हणे, पण ऑर्डर देऊन, आणि पैसे विचारल्यावर मी विषय बदलला.

सगळ्या चष्म्यांच्या जाहिरातीत माणूस लॅपटॉपसमोर कॉफी घेऊन बसलेला असतो, त्याच्या नाकाला घाम नसतो. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. चष्मा मोटरसायकलच्या टाकीवर अर्धा तास विसरला तर वरच्या कोटिंगला भेगा पडतात. घामाने नाकाच्या पॅडखाली हिरवा थर येतो, तो तांब्याचा, मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही, मी दिवसभर तांब्यातच असतो. संध्याकाळी व्हॉलीबॉल, तिथे चष्मा काढला तर बॉल दिसत नाही आणि घातला तर बॉल थेट चष्म्यावर येतो. ग्राइंडरला तर साधा चष्मा चालतच नाही, दोन्ही बाजू उघड्या, ठिणगी वळून आत येते. त्यासाठी वरून घालायचा सेफ्टी गॉगल आणलाय, तो पाच मिनिटांत आतून असा वाफाळतो की आपण ग्राइंडिंग करतोय की अंघोळ तेच कळत नाही. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाचे डोळे खराब होत नाहीत असं ह्या लोकांनी गृहीत धरलंय का? १९४५ साली ह्याच अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, जगभर कॉम्प्युटर चालवते. आणि मला माझ्या नाकावर टिकणारी एक फ्रेम मिळेना.

असो. दुकानदाराने टीआर-९० ची फ्रेम काढली, नायलॉनची जात, हलकी, वाकते पण तुटत नाही. त्याने दोन्ही काड्या धरून जिलबीसारखी पिळून दाखवली, सोडली तर परत सरळ. शेजारी एक बारीक तारेची मेटल फ्रेम पडलेली. काच साध्या प्लास्टिकची, सीआर-३९, घ्यायची की परत पॉलिकार्बोनेट, तर बॉलसाठी पॉलिकार्बोनेटच ठरवली, हार्ड कोटिंगसकट, कारण तिच्यावर ओरखडे पटकन पडतात. एकूण अठ्ठावीसशे. मी चोवीसशे म्हणणार होतो, तो सव्वीसशे म्हणणार होता, पंचवीसशेला मिटलं असतं. आम्ही दोघं समजदार माणसं आहोत.

"आठशे!" पायरीवरून आवाज आला. आबा आत. "इतला पैसामा ते बकरी येस!"

दुकानदाराचं तोंड घट्ट मिटलं. मी म्हणतोय आबा, राहू द्या, तर आबांनी माझं मनगट धरलं, कानात म्हणाले "चाल, भाईर चाल, तो आवाज देस," आणि मला ओढत दुकानाबाहेर. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. दुपारचे दोन. आबा दुकानाकडे पाठ करून, मला पण पाठ करायला लावलेली, "मांगे देखू नको." एक मिनिट झालं, दोन झाले. एक रिक्षावाला थांबून कुठे जायचं म्हणून विचारून गेला. दुकानदार काही आवाज देईना. पाच मिनिटांनी मी मागे बघितलं तर तो डबा उघडून जेवत होता.

परत आत गेलो. आता अठ्ठावीसशे म्हणजे अठ्ठावीसशे, तो भाकरीचा घास तोडत म्हणाला, एक रुपया कमी नाही.

आबांना ते लागलं असावं. "माल ते देखू दे," म्हणून त्यांनी काउंटरवरची फ्रेम उचलली, दोन्ही काड्या धरल्या आणि जिलबी केली. मी ओरडेपर्यंत कट्‌ असा आवाज झाला. टीआर-९० नव्हती ती. शेजारची मेटलची होती.

तिघेही गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. बेअरिंग गेलंय त्याचं, मी बसल्या बसल्या ऐकलं.

आबांनी दोन्ही तुकडे शांतपणे काउंटरवर ठेवले. "आत्ते मोडनी ते बरं व्हयनं. तुना नाकवर मोडती ते डोया जाता."

"पाचशेची फ्रेम आहे," दुकानदार म्हणाला, आणि माझ्याकडे बघून, "तुमच्यासोबतच आहेत ना ते?"

"माझ्यासोबत? ते तुमच्याकडे रोज येतात ना!"

"येतात, पण गिऱ्हाईकाचा हात धरून बाहेर आज पहिल्यांदा गेले."

ह्यावर मी काय बोलणार! तरी तोंड उघडलंच होतं, तर आबा माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तू कोना रे?" मी वडिलांचं नाव सांगितलं. आबांचा चेहरा फुलला. "आरे! तुना बाप आनि मी एकच वर्गमा व्हतूत!" आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. झालं, संपलं. आपल्याकडे हे एक वाक्य पडलं की तक्रार करणाराच नालायक ठरतो. अर्धे मी, अर्धे दुकानदार, अडीचशे-अडीचशे. आबांच्या वाट्याला माठातलं पाणी आलं. घरी येऊन वडिलांना विचारलं, ते म्हणाले, "असा कोणी आठवत नाही बुवा. पण असेल, वर्गात साठ पोरं होती."

चष्मा काल मिळाला. वजन नाही, मागे पट्टा बांधला की व्हॉलीबॉलमध्ये हलत नाही, नंबर बरोबर. आज सकाळी पट्टा ओढताना डाव्या बिजागरीचा स्क्रू निसटला आणि भुशात हरवला. स्क्रू फुकट बसवून देतो म्हणाला होता, म्हणून एका हाताने काडी धरून तिकडे निघालो. नवीन नंबरची कमाल बघा, रस्त्याच्या पार ह्या कडेवरूनच स्पष्ट दिसलं, बाकावर पांढरी टोपी, आणि शेजारी एक नवीन गिऱ्हाईक, त्याचं मनगट आबांच्या हातात.

तिथूनच मागे फिरलो. वर्कशॉपमध्ये आलो, वाइंडिंगची अठ्ठावीस गेजची तार घेतली आणि बिजागरीतून ओवून दोन पीळ दिले. हेल्पर पोरगं म्हणतंय, वरून थोडं मेण लावू का.