प्रोसेसर एकटा येत नाही

ग्राफिक्स कार्ड बदलायचं तर काय, जुनं काढा, नवं बसवा, स्क्रू आवळा, केबल लावा, झालं. प्रोसेसरचं तसं नाही. तो अख्खं वऱ्हाड घेऊन येतो. नवा प्रोसेसर म्हणजे नवं सॉकेट (तो बसतो ती खाच), म्हणून नवा मदरबोर्ड, त्यावर जुनी डीडीआर४ रॅम बसत नाही म्हणून डीडीआर५, आणि एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी काही ओढून घेतलीय की रॅमचे भाव बघून माणूस टॅब बंद करतो, परत उघडतो, परत बंद करतो.

माझा एएमडीचा रायझन ५ २६०० आहे, २०१८ चा. सहा कोर, बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं ओढणारा. सांगायला अजून बरं वाटतं. पण गेममध्ये भर बाजारात शिरलो की फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) धपकन खाली येतात आणि आमचा हिरो अडखळत चालायला लागतो. टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर सीपीयू चाळीस टक्के! म्हणजे साहेब निवांत? तर तसं नाही, एकदोन थ्रेड मरमर मरतायत आणि बाकीचे हाताची घडी घालून बघतायत, सरासरी काढली की सगळं छान दिसतं. (ऑफिसबद्दल मी काही बोलत नाहीये.) खात्री करायची तर रेझोल्यूशन कमी करून बघायचं, फ्रेम्स वाढल्या तर अडलंय ग्राफिक्स कार्डापाशी, नाही वाढल्या तर प्रोसेसरपाशी. मी चित्र पार बटबटीत होईपर्यंत खाली आणलं. फ्रेम्स जैसे थे.

मग मित्राने पिल्लू सोडलं, "अरे मदरबोर्ड कशाला बदलतोस, त्याच बी४५० वर ५८००एक्स३डी टाक की." बरोबर आहे त्याचं. एएम४ सॉकेट २०१६ पासूनचं आणि त्यावर २०२२ चा हा ९६ एमबी एल३ कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) प्रोसेसर बसतो, गेमिंगला आजही दणकट आहे. फक्त नवा सहजासहजी मिळत नाही. मिळाला तरी सोबत कूलर येत नाही, आणि माझा डब्यातला बिचारा छोटा कूलर त्याच्यापुढे टिकणार नाही. म्हणजे वऱ्हाड नसलं तरी करवली आहेच. त्याआधी बायॉस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, म्हणजे ती पट्टी पुढे सरकत असताना लाइट जाऊ नये म्हणून श्वास धरून बसायचं. आणि एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे जुना कूलर नुसता वर ओढला तर मधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरसकट उपटून येऊ शकतो. आधी मशीन तापवा, मग कूलर हळूहळू पिळत काढा असं जाणकार सांगतात, आणि ऐकूनच माझे तळहात ओले होतात.

दुसरा मित्र एएम५ वाला, म्हणजे एएम४ नंतरच्या सॉकेटचा. "२०२७ पर्यंत आणि पुढेही त्यावर नवे प्रोसेसर येणार, कंपनीने सांगितलंय, एकदाच काय ते कर." हा माणूस दरवेळी एकदाच काय ते करतो.

बेंचमार्कचे तक्ते बघावेत तर १०८०पी रेझोल्यूशनला नवा प्रोसेसर मैलभर पुढे, आणि तोच तक्ता ४के ला बघितला की सगळे खांद्याला खांदा लावून उभे, कारण तिथे सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. आता काय करा, मोठा मॉनिटर घेतला तर प्रोसेसरचा प्रश्न सुटतो पण ग्राफिक्स कार्डाचा उभा राहतो! हे मी घरात बोलून दाखवलं, तेव्हापासून माझ्याकडे बघण्याची नजर बदललीय.

तूर्त सेटिंगमध्ये जाऊन गर्दी 'लो' केलीय. बाजार ओस पडलाय, दुकानदार एकटाच उभा आहे, पण हिरो सरळ चालतो.