75 द्राख्मा की भोकं पडलेला झगा?

शनिवारी कट्ट्यावर विषय निघाला तो संदीपच्या मुलीच्या एकपात्री स्पर्धेवरून. ती शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकातलं अँटनीचं भाषण करतेय, सीझरच्या प्रेतासमोरचं. ब्रूटस आणि त्याच्या साथीदारांनी रोममध्ये सीझरचा खून केलाय, ब्रूटसने लोकांना त्याची कारणं सांगितलीत, आणि मग सीझरचा मित्र अँटनी बोलतो. संदीपचं म्हणणं, सगळी ताकद 'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' या एका वाक्यात. पहिल्यांदा ऐकलं की खरं वाटतं, चौथ्यांदा तेच शिवीसारखं लागतं.

अविनाश उसळला. "वाक्यांनी कोण फिरतं रे? लोक पैशाने फिरले. सीझरच्या मृत्युपत्रात माणशी 75 द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, वर टायबर नदीकाठच्या बागा. फुकट मिळतंय म्हटल्यावर ब्रूटसचं कोण ऐकणार?"

मला हे अजिबात पटेना. "अव्या, आधी काय, मग काय ते बघ. मृत्युपत्र आहे एवढंच तो सांगतो आणि वाचायला नकार देतो. लोक 'वाच, वाच' म्हणून ओरडतात. तरी वाचत नाही. खाली उतरू का, असं विचारतो, प्रेताभोवती त्यांचं कडं करतो आणि झगा हातात धरतो. इथून कॅसियसचा खंजीर गेला, हे कास्काने फाडलं, आणि इथे, इथे लाडक्या ब्रूटसने भोसकलं. मग झगा दूर करून प्रेतच दाखवतो. लोक 'जाळा, मारा' करत निघतात, तेव्हा यालाच त्यांना थांबवून सांगावं लागतं, की अरे, मृत्युपत्र विसरलात! 75 द्राख्मांचा आकडा त्यानंतर येतो. पैशाने फिरले असते तर पैसे विसरले असते का?"

अविनाश गप्प झाला. चहा आला, तोही तसाच राहिला.

मग वृंदाताई बोलल्या. वीस-बावीस वर्षं त्यांनी हे नाटक शिकवलंय. "झग्याचंच बघायचं तर नीट बघा. कुठलं भोक कोणाचं, हे अँटनीला कसं कळलं? खून होताना कटातल्याच ट्रेबोनियसने त्याला बाहेर नेलं होतं. शिवाय म्हणतो, सीझरने तंबूत हा झगा पहिल्यांदा घातला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ मला आठवते, नर्वी टोळीला हरवलं त्या दिवशीची. ती लढाई इ.स.पू. 57 ची. इतिहासातला अँटनी सीझरकडे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, पोचला तोच मुळी तीनेक वर्षांनी."

"म्हणजे थापा?" संदीपने विचारलं.

"थापाच. पण तंबू, संध्याकाळ, नवा झगा... एवढं बारीक सांगणाऱ्यावर कोणी शंका घेत नाही. ब्रूटसने कारणं दिली, तीही मोजूनमापून, गद्यात. डोळ्यांना दिसेल असं त्याच्याकडे काही नव्हतं."

मला वाटतं, संदीपच्या मुलीने तिथेच वेळ घ्यावा. 'सन्माननीय' तर सगळ्याच मुली ठासून म्हणतात. झगा उचलताना हात किती सावकाश जातो, त्यावर सगळं आहे. मी संदीपला तसं सांगितलंही.

अविनाशने मात्र हट्ट सोडला नाही. "ठीक आहे, पण 75 द्राख्मा तरी लोकांना मिळाले ना?"

"पुढचा अंक वाच," वृंदाताई म्हणाल्या. "रोमची सत्ता वाटून घेणारे ऑक्टेवियस, लेपिडस आणि अँटनी कोणाकोणाला मारायचं त्याची यादी करत बसलेत. तेवढ्यात अँटनी लेपिडसला सांगतो, सीझरच्या घरून ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातलं देणं कुठे कमी करता येईल ते बघू."