‘चक्र’ एक नव्हती, दोन होत्या

नौदल दिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा : रशियाने १९८८ मध्ये ‘आयएनएस चक्र’ ही अणुबॉम्बवाहू पाणबुडी आपल्याला भाड्याने दिली, ती बहुतेक धक्क्यालाच पडून होती, किरणोत्सर्गाची गळती होऊन तिच्यावर २० जण दगावले, म्हणून ती घाईघाईने परत केली, आणि आपली पहिली अणुपाणबुडी म्हणजे अरिहंतच.

आधी गळतीचं बघू, कारण घोळाचं मूळ तिथे आहे. २० मृत्यू खरे आहेत. पण ते ८ नोव्हेंबर २००८ चे, आणि ‘नेर्पा’ या रशियन पाणबुडीवरचे. जपानच्या समुद्रात तिच्या चाचण्या चालू होत्या. गोदीतली माणसं धरून आत २०८ जण होते. आग नसतानाच अग्निशमन यंत्रणा सुरू झाली, वायू कप्प्यांत भरला आणि माणसं गुदमरली. अणुभट्टीला धक्का लागला नाही, किरणोत्सर्गही झाला नाही. शिवाय तेव्हा ती आपल्याकडे आलेलीच नव्हती. ४ एप्रिल २०१२ रोजी विशाखापट्टणमला ती आपल्या नौदलात दाखल झाली, आणि नाव मिळालं चक्र. जुन्या नौकेचं नाव नव्या नौकेला देणं ही नौदलाची रीतच आहे, विक्रांत आठवा. मजकूर लिहिणाऱ्याने नाव वाचलं, साल वाचलं नाही.

१९८८ ची चक्र वेगळी. सोव्हिएत नौदलात ती १९६७ पासून ‘के-४३’ म्हणून होती, म्हणजे आपल्याकडे आली तेव्हाच वीस वर्षांची जुनी. हे कबूल. पण करारच तीन वर्षांचा होता. ५ जानेवारी १९८८ ला ती आपल्या ताफ्यात आली आणि जानेवारी १९९१ मध्ये मुदत संपल्यावर परत गेली. मुदत वाढली नाही याची हळहळ वाटू शकते, पण त्याला ‘घाईघाईने’ कसं म्हणायचं?

अणुबॉम्बचं एका ओळीत सांगता येईल : अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी आणि अण्वस्त्रं वाहणारी पाणबुडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भारताकडे असताना दोन्ही चक्रवर शस्त्रं पारंपरिकच होती.

त्यामुळे अरिहंत ही भारतात बांधलेली पहिली अणुपाणबुडी. तिचं जलावतरण २६ जुलै २००९ चं, नौदलात प्रवेश २०१६ चा. नौदलाने अणुपाणबुडी चालवली त्याला तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती.

राहता राहिलं ‘धक्क्याला पडून’. त्या तीन वर्षांत चक्र सुमारे ७२ हजार सागरी मैल फिरली. पृथ्वीचा घेर साधारण २१,६०० सागरी मैल. म्हणजे तीन प्रदक्षिणा होऊन वर अंतर उरतं. अणुभट्टी ४३० दिवस चालू होती. पाच वेळा क्षेपणास्त्रं डागली, टॉर्पेडो ४२ वेळा. खरी कमाई मात्र मैलांत मोजता येणार नाही. धगधगत्या भट्टीशेजारी बंद कप्प्यात महिनोन्‌महिने काम कसं करायचं, हे पुस्तकातून येत नाही. चक्रचे पहिले कप्तान आर. एन. गणेश पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल झाले आणि ज्या प्रकल्पातून अरिहंत उभी राहिली, त्याचे प्रमुखही झाले.