द्राक्षाचा घड पोंग्यातच कुजतो, तो पंचनाम्यात कसा येणार?

'मदत थेट खात्यात येते, त्यामुळे विलंब संपला' हे पीकनुकसानीच्या मदतीवरच्या लेखातलं विधान पटलं नाही. आमची तासगावकडची बाग तिघा भावांच्या नावे सामाईक आहे. सगळ्यांची संमतीपत्रं मिळेपर्यंत नाव यादीतच अडकतं. पुढे ई-केवायसी, आणि फवारणी करून झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही.

त्याहून मोठा घोळ पंचनाम्याचा. फळछाटणीनंतर पाऊस लागला की घड पोंग्यातच, म्हणजे कोवळ्या फुटीतच, कुजतो किंवा जिरून नाहीसा होतो, वरून वेल हिरवीगार! तलाठ्याला मदतीसाठी लागणारं ३३ टक्के नुकसान दिसणार कुठून? आणि दिसलं तरी २०२२-२६ च्या आपत्ती निधी निकषांनुसार द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये ठरले होते. त्यात एकरभराची औषधंही भागत नाहीत. द्राक्षाचा पंचनामा घड मोजूनच व्हायला हवा, आणि कृषी सहायकाने पंधरा-वीस दिवसांनी बाग परत बघायला हवी.