पायात बूट, मुखी नाम

आषाढ जवळ आला की महाराष्ट्रात एक वाद हमखास वर येतो. यंदा तो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही झाला. निमित्त माझ्या भाचीचं. ती साताऱ्याला असते, पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळते. कानात अभंग, पायात नवे हलके बूट. घाटमाथ्यावरचा घामेजलेला फोटो तिने टाकला आणि खाली लिहिलं, ‘माझी वारी’. दादा, म्हणजे तिचे वडील, माळकरी. दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतो. त्याने लिहिलं, “बाळ, पळण्याला पळणं म्हणावं. वारीला वारी म्हणावं.” मग दोन्ही बाजूंनी सगळे तुटून पडले.

घराबाहेरही हेच चाललंय. शहरोशहरी पळणाऱ्यांचे गट झाले, शर्यतींच्या टी-शर्टांवर संतांच्या ओळी आल्या, अभंगांची जलद रिमिक्स आली. एका बाजूचं म्हणणं असं की देवाचं नाव व्यायामाच्या तोंडी लावलं जातंय. महागडे बूट घालून भक्ती कसली, वारकरी चिखलातून साध्या चपलांनी चालतो. दुसरी बाजू म्हणते, देह हेच देऊळ आहे, तो राबवणं हीच पूजा, बाकीच्यांनी नाक खुपसू नये. दोन्ही बाजूंना जीव तोडून बोलणारी माणसं आहेत आणि मला दोन्हींबद्दल माया आहे. पण वाद चुकीच्या जागी अडलाय असं मला वाटतं, आणि तसं वाटण्याचं कारण मी जिथे राहते तिथे आहे.

मी जपानमध्ये, क्योतोत राहते. सकाळी कामो नदीच्या काठाने पळते. ईशान्येला हिएई डोंगर दिसतो, ८४८ मीटर उंचीचा. त्यावर एन्र्याकुजी हा बौद्धांच्या तेंदाई पंथाचा मठ आहे आणि त्या मठात काइहोग्यो नावाचं व्रत आहे. डोंगराभोवती रात्री चालत-धावत फिरायचं. पूर्ण व्रत एक हजार दिवसांचं, सात वर्षांत वाटलेलं. पहिली तीन वर्षं वर्षाला शंभर दिवस, रोज सुमारे तीस किलोमीटर. पुढची दोन वर्षं दोनशे-दोनशे दिवस. सातशे दिवस झाले की नऊ दिवस अन्न नाही, पाणी नाही, झोप नाही, आडवं होणं नाही; फक्त अचलनाथ या बौद्ध देवतेचा मंत्रजप. सहाव्या वर्षी रोजचं अंतर साठ किलोमीटर होतं आणि सातव्या वर्षी शंभर दिवस रोज चौऱ्याऐंशी. एकूण सुमारे ३८ हजार किलोमीटर. १८८५ पासून हे पुरं केलेले साधक पन्नासच्या आसपास आहेत. युसाई साकाई यांनी ते दोनदा केलं, १९८० साली आणि पुन्हा १९८७ साली.

या साधकांचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरतात, ‘मॅरेथॉन भिक्षू’ म्हणून. त्यात उपास असतो, किलोमीटर असतात, आणि व्रत मोडलं तर जीव द्यायचा म्हणून कमरेला बांधलेली सुरी असते. बघणारा थक्क होतो आणि उद्यापासून दोन किलोमीटर जास्त पळायचं ठरवतो. मला हे बघून हळहळ वाटते, कारण व्रताचा गाभा त्या व्हिडिओत येतच नाही.

गाभा आहे थांबण्यात. त्या तीस किलोमीटरच्या वाटेवर साधक सुमारे २६० ठिकाणी थांबतो. मोठी देवळं त्यातली थोडीच. बाकी झाडं, दगड, झरे, धबधबा, कुणाची तरी जुनी समाधी. प्रत्येक ठिकाणी हात जोडायचे, मंत्र म्हणायचा आणि पुढे निघायचं. रात्रभरात बसायची परवानगी एकाच जागी, एका जुन्या देवदाराखाली, जिथून खाली क्योतोचा राजवाडा दिसतो. तिथे बसून देशासाठी प्रार्थना करायची आणि उठायचं. हे व्रत नवव्या शतकात सोओ नावाच्या भिक्षूने सुरू केलं. त्यामागे सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्रातला सदापरिभूत बोधिसत्त्व आहे. तो भेटेल त्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करायचा, कारण प्रत्येक जण पुढे बुद्ध होणार आहे. लोक त्याला काठ्या-दगडांनी मारायचे; तो लांब जाऊन तिथून नमस्कार करायचा. हिएईचा साधक त्याच्या वाटेने निघालेला असतो. तो पळतो ते पुढच्या नमस्कारापर्यंत पोचायला.

हे वाचलं तेव्हा मला फलटणला आमच्या दारावरून जाणाऱ्या दिंड्या आठवल्या. ओळख ना पाळख, म्हातारा पोराच्या पाया पडतो, पोर म्हाताऱ्याच्या, आणि दोघं एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. दादाला मी हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मग ते वारकरीच की गं.”

आता बुटांचं. काही वर्षांपूर्वी हजार दिवसांच्या शेवटच्या वर्षातला एक साधक शहरातून जाताना मी पाहिला. चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या दिवसांत त्यांची वाट क्योतोतून जाते. रस्त्याच्या कडेला लोक रांगेने गुडघ्यावर बसले होते. दुकानदार, आज्या, सायकल बाजूला लावलेला एक शाळकरी मुलगा. साधक आला तो पांढऱ्या वस्त्रांत. इथे तो प्रेताचा रंग. आश्चर्य म्हणजे तो धावत नव्हता, झपाझप चालत होता. प्रत्येकाच्या डोक्याला जपमाळ टेकवायची आणि पुढे. पायात भाताच्या पेंढ्याच्या वहाणा, वाराजी म्हणतात त्यांना. पेंढ्याच्याच दोरीने घोट्याला आवळलेल्या, टाचेला विरलेल्या, बोटं पुढे आलेली. डांबरावर त्यांचा आवाज जवळजवळ येत नव्हता. पाऊस लागला तर असली जोडी काही तासांत संपते, म्हणून जादा जोड्या लागतात.

ही जुनी वहाणही हलकीच. म्हणजे हलकं पायताण हे आजकालचं फॅड नव्हे. लांब जायचं असेल त्याला पायातलं ओझं नकोच असतं, मग तो साधू असो की खेळाडू. याच देशाचा शिझो कानाकुरी १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये ताबी हे जपानी कापडी पायमोजे घालून मॅरेथॉन धावला. त्यामुळे भाचीच्या बुटांवरून तिची भक्ती मोजणाऱ्यांशी मी सहमत नाही. अनवाणी पायांना आपण फार पटकन पवित्र करून टाकतो. बारामतीच्या लता करे २०१४ साली नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. पण त्या धावल्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे नव्हते म्हणून. त्या पायांत बूट असते तर त्यांचं काहीच कमी झालं नसतं.

संगीताचा प्रश्न मात्र खरा आहे आणि इथे मी दादाच्या बाजूला सरकते. हिएईच्या साधकाचा मंत्र त्याच्या तोंडात असतो. मंत्र मुळात संस्कृत, जपानी उच्चारांत रुळलेला, आणि तो म्हणता येईल याच बेताने श्वास आणि पाय चालतात. भाचीच्या कानातला अभंग दुसरं कुणी गातंय. तिचं तोंड मिटलेलं, नजर मनगटावरच्या घड्याळात, आणि वेग घड्याळ ठरवतंय. रिमिक्समध्ये तर अभंगालाच ओढून मिनिटाला एकशे ऐंशी पावलांच्या ठेक्यावर बसवलेलं असतं. वारीतली पावली नेमकी उलटी. तिथे मृदंग बोलतो आणि पाय त्याच्या मागून जातात. मला वाटतं, पळणं साधना आहे की व्यायाम, हे बघायला एवढं पुरे: वेग कोण ठरवतंय? नाम ठरवत असेल तर ती साधना. मग बूट कितीचेही असोत. घड्याळ ठरवत असेल तर तो व्यायाम, चांगला आणि गरजेचा व्यायाम, पण त्याला वारी म्हणू नये.

हे अनुभवाचं बोलते आहे. मुखाने ‘राम कृष्ण हरी’ म्हणत पळून बघा. सपाटीवर चार पावलांत एक उच्चार बसतो. पुलाच्या चढावर तो तुटायला लागतो, मग ‘विठ्ठल’ एवढंच निघतं, मग तेही धापेत जातं. त्या क्षणी दोनच वाटा असतात, नाम सोडायचं किंवा वेग सोडायचा. बहुतेक जण नाम सोडतात, कारण वेग फोनमध्ये नोंदला जातोय. वेग सोडला की पहिले काही दिवस फार कमीपणा वाटतो. इथले साठी ओलांडलेले आजोबा शेजारून पुढे जातात. नंतर हळूहळू आजूबाजूचं दिसायला लागतं. नदीतल्या दगडावर उभा राखी बगळा दिसतो, पुलाखालचा तांबड्या गळपट्ट्यातला दगडी जिझो बोधिसत्त्व दिसतो, आणि थांबून हात जोडावेसे वाटतात. पळण्याचे शिक्षकही नवख्याला सांगतात की बोलता येईल इतक्याच वेगाने पळ. त्यांचं कारण हृदयाचं आहे, पण नामाचा वेग आणि हा वेग जवळपास एकच निघतो.

कानात अभंग लावणाऱ्यांना मी हिणवत नाही. मला स्वतःला कितीतरी अभंग पळता पळता ऐकूनच पाठ झाले. परगावी, जिथे महिनोन्महिने टाळ कानावर पडत नाही, तिथे तो आवाज किती आधार देतो हे बाहेर राहिलेल्या कुणालाही विचारा. ऐकणं ही शिकण्याची पायरी आहे. त्या पायरीवरच कायम राहायचं नाही, इतकंच माझं म्हणणं. आणि टेकडीवर फिरताना खिशातल्या फोनवर मोठ्याने भजनं लावणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, ते बंद करा. पहाटे टेकडीवर येणाऱ्या दुसऱ्या माणसाची शांतता ही सुद्धा त्याची प्रार्थना असू शकते.

एक गोष्ट मान्य करायला हवी. इथे नदीकाठची वाट फक्त चालणाऱ्या, पळणाऱ्या आणि सायकलवाल्यांची आहे. अंधारात एकटी पळताना मला मागे वळून बघावं लागत नाही. डोळे मिटल्यागत नाम घेता येतं. हे सुख माझ्या भक्तीचं नाही, इथल्या रस्त्याचं आहे. भाची घाटात पळते तेव्हा शेजारून ट्रक जातो, मोटारसायकलवरून कुणीतरी काहीतरी बोलून जातं. तिने एका कानातलं काढून ठेवलेलं असतं ते त्यासाठी. तिच्या बुटांवर आणि अभंगांवर बोलणाऱ्या काका-मामांनी त्या घाटात पळणाऱ्या मुलींसाठी सुरक्षित कडा आणि दिवे मागितले असते, तर मला जास्त आनंद झाला असता.

आणि हिएईचं सगळंच घेण्यासारखं नाही. त्या डोंगरावर बायकांना पाऊल टाकायला १८७२ पर्यंत बंदी होती. हजार दिवसांचं व्रत पुरं केलेले सगळे पुरुषच. मी किरारा-झाकाच्या जुन्या वाटेने वर जाते तेव्हा हे मनातून जात नाही. ती वाट साधकांची. मातीत खोल खचलेली, दोन्ही बाजूंनी माझ्या खांद्याइतकी उंच. तिथे मी पाहुणी आहे. आपल्याकडे रिंगणात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका धावतात, पखवाजवाले पखवाज वाजवत धावतात, विणेकरी धावतात, झेंडेकरी धावतात, आणि मग माउलींचा अश्व धावतो, ज्याच्यावर कुणी स्वार नसतो. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभ्या रिंगणात मी लहानपणी आईच्या हाताला धरून उभी असायचे. घोडा गेला की आई वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायची आणि मग माझ्या. हिएईचा साधक एकटा, निवडलेला, वर्षानुवर्षं घडवलेला. आपलं धावणं सगळ्यांचं आहे.

वेळापूरजवळचा धावा तर याचा कळस. तिथल्या चढावरून तुकोबांना पंढरीच्या देवळाचं शिखर दिसलं आणि ते धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आजही पालखी तिथे आली की दिंड्याच्या दिंड्या ‘तुकाराम, तुकाराम’ म्हणत उतारावरून धावतात. सत्तरीची म्हातारी, पायाला पट्टी बांधलेला गडी, टाळ कमरेला खोचलेली पोरं. कुणी शर्यत लावलेली नसते. नाव तोंडात असतं आणि पाय आपोआप त्याच्या मागे जातात. ज्या मातीत हे आहे तिथल्या मुलीला पळणं आणि भक्ती एकत्र आणायला परक्या देशातलं व्रत बघावं लागू नये. आणि ज्या संप्रदायात हे आहे तिथल्या माळकऱ्याला मुलीचं पळणं परकं वाटू नये.

दादाचं यावर एक उत्तर आहे आणि ते मला अजून पूर्ण खोडता आलेलं नाही. तो म्हणतो, “धावा वर्षातून एकदाच असतो, गं. पंधरा दिवस चालल्यावर, शिखर दिसल्यावर. आधीचं चालणं गाळून नुसता धावा रोज कसा करशील?” मी त्याला म्हटलं, हरिपाठ रोजच असतो ना, मग रोजच्या नेमात पाय घातले तर काय बिघडलं? त्याला ते तितकंसं पटलेलं नाही. भाचीला मी सांगितलंय, आठवड्यातून एक दिवस घड्याळ घरी ठेव, कानातलं काढ, आणि हरिपाठातला एकेक अभंग स्वतः म्हणत घाट चढ. दम तुटला की चाल. वाटेत जे जे नमस्कार करण्यासारखं दिसेल तिथे थांब. बूट तेच राहू देत. तिने विचारलं, “आत्या, असं पळाले तर मी शर्यतीत किती मागे पडेन?” मी म्हटलं, बरीच.

तिने त्यासाठी रविवार निवडलाय. दादा म्हणतोय की तो पायथ्याशी येऊन उभा राहील, आणि परत आल्यावर कितवा अभंग कुठल्या वळणावर सुटला ते तिला विचारेल.