समुद्राकडे पाठ करून बसलेली गावं

दापोलीला जायचं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "सी-फेसिंग रूम आहे का?" आणि माझं डोकं तिथूनच फिरायला लागतं. अहो, ज्या गावांना तुम्ही बघायला निघालात, त्या गावांतलं एकही जुनं घर सी-फेसिंग नाही!

केळशीत किंवा आंजर्ल्यात आळीतून चालून बघा. रस्त्याच्या कडेला जांभ्याचा गडगा, आत शिरलं की शेणाने सारवलेलं खळं, मग पडवी, माजघर, परसदार. त्याच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, तीही अरुंद आणि लांबलचक. ती संपली की सुरूची, केवड्याची झाडं आणि त्यापलीकडे एकदाची पुळण. म्हणजे समुद्र घराच्या पाठीमागे. खारा वारा आधी माडांनी झेलायचा, मग उरलासुरला घरापर्यंत. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना 'व्ह्यू' कळत नव्हता असं नाही, पावसाळ्यातला समुद्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होता.

आंजर्ल्याच्या देवाचीही हीच गोष्ट. कड्यावरचा गणपती आधी खाली किनाऱ्यावर होता, समुद्र आत सरकला तेव्हा देव टेकडीवर गेला, असं गावात सांगतात. खडकावरचं देवाचं पाऊलही दाखवतात. तिथून खाली बघितलं की निळ्या पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो आणि गावाच्या जागी दिसतात नुसते माडांचे शेंडे. घरं कुठेत ते शोधावं लागतं. आख्ख्या सहलीतली मला सगळ्यात आवडती जागा ही.

गेल्या खेपेला केळशीत एका आजोबांना विचारलं, "समुद्रावर जायचा रस्ता कुठला?" म्हणाले, "ह्या वाडीतून सरळ जा. पण समुद्र कुठे पळतोय? आधी बसा, कोकम घ्या." मग आपणहून पोफळी दाखवल्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडी आडवी झाली होती. माड बरेचसे तगले, पोफळी मधोमध मोडल्या. नवी पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. आत्ता कुठे हिरवे घोस लागलेत. आजोबा वाडीला पाणी सोडत होते. एका झाडाच्या आळ्यात पाणी भरलं की पायानेच मातीचा बांध सारून ते पुढच्या आळ्यात वळवायचं. फावड्याला हातसुद्धा लावला नाही.

आता माडांची ही रांग तोडून पुढे खोल्या काढायच्या, कारण मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला गादीवर पडून लाटा बघायच्यात! बांधणाऱ्यांना मी फार दोष देणार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण मागणी आपली आहे. पुळणीवर गाडी घालून गोल गोल फिरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गावातली माणसं पहाटे उठून ती घरटी राखतात आणि हे वरून चाकं फिरवणार.

तर माझ्या मते एका दिवसाचा बेत असा असावा. दापोलीहून सकाळी लवकर थेट केळशी गाठा. महालक्ष्मीचं देऊळ, गावातल्या आळ्या, खाडीच्या तोंडाशी असलेली वाळूची टेकडी, सगळं पायी. मग आडे, पाडले करत किनाऱ्याकिनाऱ्याने आंजर्ले. जेवण कुणाच्या तरी घरीच. आदल्या दिवशी फोन केलात तर उकडीचे मोदक मिळतील, नाही तर डाळिंब्यांची उसळ आणि सोलकढी, तीही काही वाईट नाही. समुद्रात डुंबायचं तर स्थानिक माणसाला विचारून.

चारनंतर हर्णै बंदर. इथे मात्र सगळा कारभार समुद्राकडे तोंड करून! होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी ओढून आणतात, ओल्या वाळूवर ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. आकडा कोण बोललं, कधी तुटला, आपल्याला पत्ता लागत नाही. ढीग घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, बाजूला बसलेल्या मावशींकडून वाटा घ्यावा. भाव करा, पण "आमच्याकडे स्वस्त मिळतं" असं म्हणू नका, चारचौघांत उद्धार होतो. आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव बघायला म्हणून जाऊ नका. त्या दिवसांत केळशीतच थांबा, फक्त छत्रीच्या भरवशावर राहू नका.