बारा शनिवार, बाराच्या भावात

लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, आदल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी दूध आणायला गाडी काढली आणि सव्वाअकराला दुधाशिवाय परत आलो. दुकान घरापासून दोन मैलांवर आहे. मधे स्टेडियम आहे.

हे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातलं विद्यापीठाचं गाव. एरवी इथे सिग्नलला तीन गाड्या थांबल्या की लोक ट्रॅफिक वाढलं म्हणून हळहळतात. पण कॉलेजच्या फुटबॉल टीमचा घरचा सामना असला की गावात गावापेक्षा जास्त माणसं उतरतात. मिशिगनचं अ‍ॅन आर्बरमधलं स्टेडियम 1,07,601 माणसांचं आहे. आमचं त्याच्या निम्मंही नाही, पण आमचे रस्ते निम्म्याच्या निम्मे आहेत. सीझन बारा सामन्यांचा, त्यातले सात घरचे. म्हणजे सात शनिवार दुधाविना आणि उरलेले पाच टीव्हीसमोर, कारण त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि शेजारच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात तिला टीमचा स्वेटशर्ट आणून दिला होता. फुकट मिळालेली वस्तू ती वाया जाऊ देत नाही.

(या खेळाला फुटबॉल का म्हणतात, हे कृपया विचारू नका. इथे आलेल्या प्रत्येक भारतीयानं ते एकदा विचारलेलं आहे. उत्तर कुणालाच पटलेलं नाही.)

मी आईला खेळ समजावायला बसलो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चौथ्या खेपेला चेंडू लाथेनं लांब उडवून समोरच्याच्या गळ्यात मारायचा. खेळ साठ मिनिटांचा, पण संपायला साडेतीन तास लागतात, कारण दर दोन मिनिटांनी सगळे थांबून जाहिराती बघतात. आईचा चेहरा कोराच होता. तेवढ्यात पडद्यावर शंका निघाली की दहा यार्ड झाले की नाहीत, आणि बाजूने पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेली माणसं दोन काठ्या आणि त्यांच्यामधे साखळी घेऊन धावत आली. आई ताडकन उठून बसली.

"अरे, हे तर मोजणीवाले!"

आमच्या अण्णांनी बांधासाठी अकरा वर्षं केस चालवली. शेजारच्यानं दर नांगरणीला वीतभर बांध कोरला होता. त्यामुळे समोरच्याच्या जमिनीत इंच इंच घुसायचं, तो अंगावर धावून येणार, मग साखळी आणून मोजायचं, हा प्रकार आईला कुणी समजावायची गरजच नव्हती. त्या दिवसापासून मी खेळ तिच्याकडून शिकलो. टीमचा कोच तिच्या मते वकिलासारखा होता, पैसे घेऊन तारीख वाढवणारा.

तिचा लाडका खेळाडू मात्र भलताच निघाला. सगळं गाव क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पास फेकणाऱ्याच्या, नावानं ओरडायचं. आईची नजर सत्तावन्न नंबरवर. हा सेंटर. दर वेळी ओणवा होऊन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि दुसऱ्या क्षणी दीडशे किलोचं धूड अंगावर घ्यायचं, एवढंच त्याचं काम. नियमाप्रमाणे त्याला पुढे पळून पास झेलायचीही मुभा नसते. "सगळं तोच काढून देतो नि नाव दुसऱ्याचं," आई म्हणायची, आणि माझ्या बायकोकडे अर्थपूर्ण बघायची. बायकोही मान डोलवायची. त्या दोघींचं एकमत झालेला तो पहिलाच विषय.

पहिले तीन सामने आम्ही जिंकलो. त्याचं कारण मला आजोबांनी गुपचूप सांगितलं: मोठी कॉलेजं सुरुवातीला छोट्या कॉलेजांना चांगले पैसे देऊन हरायला बोलावतात. पण एखादा पाहुणा ऐकत नाही. 2007 मधे मिशिगननं अ‍ॅपलेशियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन बोलावलं आणि ते 34–32 नं मिशिगनलाच हरवून, चेक घेऊन घरी गेले. आमचे पाहुणे सज्जन होते. तीन विजय, शून्य पराभव: तीन–शून्य. गावात लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. मलाही दोघांनी मारल्या, एकानं पेट्रोल पंपावर.

मग खरे सामने सुरू झाले आणि आम्ही ओळीनं चार हरलो.

याच काळात आईनं अंगण उघडलं. आजोबा त्यांच्या हिरवळीवर तीस डॉलरला एक गाडी लावून घेतात हे तिनं पहिल्याच शनिवारी हेरलं होतं. आमच्या अंगणात सहा गाड्या बसायच्या. पण एकामागे एक लावल्या की मागच्याला आधी निघता येत नाही. आईनं त्यावर तोडगा काढला. गाडी आत घेण्यापूर्वी ती प्रत्येकाला तिच्या इंग्रजीत विचारायची, "टीम लूज, यू गो व्हेन?" हाफटाइमलाच निघतो म्हणणारा रस्त्याच्या कडेला, शेवटपर्यंत बसणारा पार भिंतीशी. सप्टेंबरात भिंतीशी भरपूर गाड्या असायच्या. ऑक्टोबरच्या मध्यावर सहाच्या सहा जणांना रस्त्याच्या कडेची जागा हवी होती. वर्तमानपत्रांचे पंडित टीमबद्दल काय लिहितात ते मी वाचायचं सोडून दिलं. अंगणात बघितलं की कळायचं.

आजोबा मात्र खचत नव्हते. 35 गुणांनी हरलो त्या संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, 1916 मधे जॉर्जिया टेकनं कंबरलँडला 222–0 नं हरवलं होतं, त्या मानानं आपलं बरंच बरं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "तेसुद्धा बहुधा मोजणीला हजर राहिले नसतील."

नंतर कसेबसे दोन जिंकलो. पाच–चार. आता गणित असं की सहा विजय झाले की टीम बोलला पात्र. बोल म्हणजे सीझन संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत होणारे जादा सामने. आमच्यासारख्यांना मिळणारा बोल एखाद्या लांबच्या शहरात, आडवारी, अर्ध्या रिकाम्या स्टेडियममधे होतो, पण आजोबांनी त्यासाठी हॉटेलं बघायला सुरुवातही केली होती. तीनांतला एक जिंकायचा. दोन हरलो. उरला शेवटचा, थँक्सगिव्हिंगच्या शनिवारचा, पलीकडच्या राज्यातल्या जन्मजात वैऱ्याशी, आमच्याच मैदानावर.

त्या दिवशी आम्ही सगळे स्टेडियममधे होतो. आईनं नऊवारीवर थर्मल, त्यावर स्वेटशर्ट, त्यावर माझा कोट चढवला होता. शेवटचं दीड मिनिट, तीन गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, सत्तावन्ननं चेंडू मागे दिला, मग ढीग. ढिगाखालून एकेक माणूस उचलला गेला. सगळ्यात खाली सत्तावन्न. चेंडू ठेवला. साखळी आली. पन्नासेक हजार माणसं गप्प, आणि ती काठी चेंडूच्या टोकाच्या पुढे उभी राहिली. चार बोटं. मी दुर्बिणीतून पाहिलं, चारच बोटं.

"साखळी ताणून नाही धरली त्यानं!" आई बाकावर उभी राहून ओरडली. "ढिली होती! फेरमोजणी मागा!"

आजोबांनी मला विचारलं, काय म्हणतेय? मी भाषांतर केलं. ते आईकडे वळले आणि हातातला पॉपकॉर्नचा डबा त्यांनी संपूर्ण तिला दिला.

पाच–सात. तरीही आजोबांकडे एक शेवटची वाट होती. बोलसाठी सहा विजयांच्या टीमा पुरल्या नाहीत, तर पाच–सातवाल्यांना घेतात, आणि ते खेळावर नव्हे, खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीच्या आकड्यावर ठरतं. 2015 मधे नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट असेच गेले होते. हे ऐकून आईला एवढा आनंद झाला की तिनं फोन करून गावी तिघांना सांगितलं. सबंध सीझनमधे तिला पटलेला हा एकमेव नियम. "मुलं अभ्यासात कशी आहेत?" ती रोज आजोबांना विचारायची. मुलं अभ्यासात चांगली होती. पण त्या वर्षी सहा विजयांच्या टीमा पुरून उरल्या. पुढच्या आठवड्यात आई परत गेली, स्वेटशर्ट हँडबॅगेत वर ठेवून, विमानात थंडी वाजते म्हणून.

जानेवारीत आजोबांनी कुंपणापाशी बातमी दिली. सत्तावन्न नंबर ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दुसऱ्या कॉलेजात गेला होता. कुठल्या? त्याच. चार बोटंवाल्या.

आईला सांगावं की नाही, यावर आम्ही नवराबायको दोन दिवस खल करत होतो. शेवटी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"तिकडे जेवणाखाण्याचं नीट बघतात का?"

"बघत असतील."

"हं," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी त्यांची मॅच कुठंय, आपल्याकडे की त्यांच्याकडे?"

"त्यांच्याकडे. नोव्हेंबरात. गाडीनं सात तास आहे, आई."

"मग माझं तिकीट ऑक्टोबरचं काढ," ती म्हणाली. "आणि तिकडे कुणाचं अंगण मिळतंय का बघून ठेव. रस्त्याच्या कडेला नको. भिंतीशी."